डोसमधलं अंतर: ‘दिवसातून तीनदा’ची वेळ कशी ठरवायची

चिठ्ठीवर ‘१-१-१, ५ दिवस’ एवढंच लिहिलेलं असतं आणि घरी आल्यावर प्रश्न सुरू होतात. तीन वेळा म्हणजे दर आठ तासांनी, म्हणजे रात्री गजर लावून उठायचं? की तिन्ही जेवणांना जोडून घेतली तरी चालेल? औषध दुपारी चारला हातात पडलं, तर आजचे किती डोस धरायचे? सकाळची गोळी राहिली तर रात्री दोन घ्यायच्या का?

सगळ्या गोळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर याला नाही. एका औषधात दोन तास इकडे-तिकडे झाले तरी काही बिघडत नाही, दुसऱ्यात तेच दोन तास महागात पडतात. म्हणून प्रत्येक औषधाबद्दल आधी एक गोष्ट शोधायची: याची वेळ कशाला बांधलेली आहे? घड्याळाला, जेवणाला, दुसऱ्या एखाद्या औषधाला, की फक्त ‘अमुक तासांच्या आत पुन्हा नको’ एवढीच अट आहे? हे कळलं की निम्मं वेळापत्रक बसलंच.

डॉक्टरांनी किंवा फार्मासिस्टने स्पष्ट वेळ सांगितली असेल तर अर्थातच तीच धरायची. खालचं सगळं आहे ते सूचना अर्धवट असते तेव्हासाठी, आणि नेमकं काय विचारायचं ते कळावं म्हणून.

पहिली पायरी: चिठ्ठी उलगडून घ्या

‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. कुठेकुठे चार आकडे असतात, तेव्हा शेवटचा झोपतानाचा. अक्षरांत लिहिलेलं असेल तर ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी किंवा बीआयडी म्हणजे दोनदा, टीडीएस किंवा टीआयडी म्हणजे तीनदा, क्यूआयडी म्हणजे चारदा. एचएस म्हणजे झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, आणि एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. डोळ्यांच्या चिठ्ठीत मात्र ओडीचा अर्थ ‘उजवा डोळा’ असाही असतो, त्यामुळे तिथे अंदाजाने काही धरू नका.

गोळीच्या नावापुढची अक्षरंही वाचा. एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एमआर यांपैकी काही असेल तर गोळी औषध हळूहळू सोडणारी आहे. ती सहसा चावायची, कुटायची नसते, आणि फार्मासिस्टने हो म्हटल्याशिवाय मोडायचीही नाही. मोठी आहे, गिळवत नाही म्हणून कुटली, तर बारा किंवा चोवीस तासांत मिळायचं औषध एकदम अंगावर येतं. अशा वेळी डोसमधलं अंतर कितीही काटेकोर पाळलंत तरी उपयोग नाही.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्यांकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. संधिवातासाठी किंवा सोरायसिस या त्वचारोगासाठी दिलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असतं. ते चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ असेल तर डॉक्टरांकडून वार ठरवून घ्या आणि तो वार पाकिटावर पेनाने ठळक लिहा.

दुसरी पायरी: अंतर का ठेवलंय ते समजून घ्या

पोटात गेलेलं औषध रक्तात चढतं आणि मग यकृत व मूत्रपिंडं ते बाहेर काढायला लागतात. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला जो वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. पॅरासिटामॉलचं अर्धायुष्य साधारण दोन ते तीन तास, रक्तदाबाच्या अम्लोडिपिनचं ३० ते ५० तास, थायरॉइडच्या लेव्होथायरॉक्सिनचं जवळजवळ सात दिवस. आता लक्षात येईल की अम्लोडिपिन सकाळी आठऐवजी अकराला घेतलं तर शरीराला पत्ताही का लागत नाही, आणि पॅरासिटामॉलचा असर संध्याकाळपर्यंत का टिकत नाही.

अँटिबायोटिकांचं गणित थोडं वेगळं आहे. अमॉक्सिसिलिन आणि त्याच्या कुळातली औषधं जंतूंना मारतात ती रक्तात ठरावीक पातळीच्या वर किती वेळ राहतात यावर. त्यांचं अर्धायुष्य जेमतेम एक तासाचं असतं. तिन्ही गोळ्या सकाळी आठ ते संध्याकाळी सहा यांतच उरकल्या तर रात्रभर मोकळं रान मिळतं. ॲझिथ्रोमायसिन मात्र पेशींमध्ये दिवसेंदिवस साठून राहतं, म्हणून ते दिवसातून एकदाच पुरतं. दोन्ही अँटिबायोटिकंच, पण एकाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही. शेजाऱ्याचं ‘मी तर एकदाच घ्यायचो’ हे वाक्य म्हणूनच कामाचं नसतं.

अर्धायुष्यावरून सगळं ठरतं असंही नाही. पित्तावरची ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही औषधं रक्तातून एक-दोन तासांत निम्मी होतात, तरी असर दिवसभर टिकतो, कारण ती पोटातले आम्ल बनवणारे पंपच बंद करून टाकतात आणि नवे पंप तयार व्हायला वेळ लागतो. मात्र पंप चालू होण्याच्या बेतात असतानाच औषध तिथे पोहोचायला हवं, म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते एक तास. भरल्या पोटावर घेऊन ‘काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गफलत इथेच होते.

तिसरी पायरी: प्रत्येक गोळी कुठल्या गटातली ते ठरवा

घड्याळाला बांधलेली. अपस्माराची औषधं, पार्किन्सन्ससाठीचं लेव्होडोपा, एचआयव्हीची औषधं, रक्त पातळ ठेवणारी औषधं, अवयव-रोपणानंतरची औषधं, बहुतेक अँटिबायोटिकं. यांत बीडी म्हणजे शक्यतो बारा तास. लेव्होडोपाचं तर इतकं काटेकोर असतं की अर्धा तास उशीर झाला तरी काही रुग्णांचे हातपाय आखडतात.

जेवणाला बांधलेली. मधुमेहाचं मेटफॉर्मिन जेवणासोबत, कारण एरवी पोट बिघडतं. त्याच आजारातली ग्लिमेपिराइडसारखी औषधंही जेवणासोबत, पण कारण जास्त गंभीर आहे: गोळी घेतली आणि जेवण टळलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. इथे ‘सकाळी आठ’ला काही अर्थ नाही, ‘न्याहारी’ला आहे. न्याहारी दहाला होणार असेल तर गोळीही दहाला. उलट लेव्होथायरॉक्सिन अनशापोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं अलेंड्रोनेटही अनशापोटी, आणि घेतल्यावर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

दिवसाच्या विशिष्ट वेळेला बांधलेली. प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड एकाच डोसमध्ये असेल तर ते सहसा सकाळी, काहीतरी खाऊन घेतात. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, तेही सकाळीच जास्त असतं, आणि रात्री घेतलं तर झोप उडते. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड दोनदा असेल तर दुसरा डोस दुपारी दोन ते चारच्या सुमारास उरकायचा. ‘१-०-१’चा अर्थ कुणी रात्री नऊ लावला तर रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या, आणि वयस्कर माणूस अंधारात पडण्याची भीती. रक्तदाबाच्या गोळ्या रात्रीच घेतलेल्या बऱ्या, असं मध्यंतरी फार बोललं जायचं. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या ‘टाइम’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यात सकाळी घेणाऱ्यांत आणि संध्याकाळी घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात व रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू यांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. त्यामुळे डॉक्टरांनी खास सांगितलं नसेल तर जी वेळ तुमच्या हमखास लक्षात राहते ती चांगली.

मुद्दाम कमी-जास्त अंतर ठेवलेली. हे फार कमी जणांना माहीत असतं. छातीतल्या कळेसाठीचं आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट साध्या गोळीत दोनदा असेल तर बारा-बारा तासांनी घेत नाहीत. सकाळी आठ आणि दुपारी तीन असं सात तासांचं अंतर ठेवतात. शरीराला या औषधाची चटकन सवय होते आणि असर उतरतो, म्हणून रोज काही तास शरीराला नायट्रेटविना राहावं लागतं. कुणी ‘शिस्तीत’ आठ आणि आठ केलं की औषध बोथट होतं. समान अंतर नेहमीच चांगलं, हा समज इथे उलटा पडतो.

लागेल तेव्हाची, म्हणजे एसओएस. यांना ठरावीक वेळ नसते, पण दोन कुंपणं असतात: दोन डोसांमधलं कमीत कमी अंतर, आणि चोवीस तासांतली कमाल मर्यादा. ही दोन्ही एकाच वेळी पाळायची असतात. पॅरासिटामॉलचं उदाहरण घ्या. निरोगी प्रौढाला एका वेळी ५०० मिग्रॅ ते १ ग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, आणि चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. समजा दुखणं जोरात आहे म्हणून सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि रात्री आठला एकेक ग्रॅम घेतलं. अंतर बरोबर आहे. पण रात्री आठलाच चार ग्रॅम भरले. आता मध्यरात्री चार तास झाले म्हणून पाचवा घेतला तर अंतराचा नियम पाळूनही मर्यादा ओलांडली. पुढचा डोस सकाळी आठलाच. हे चोवीस तास कुठल्याही क्षणापासून मागे मोजायचे असतात, रात्री बाराला खातं शून्यावर येत नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा दारू नियमित असेल तर मर्यादा याहून खाली येते, ती डॉक्टरांकडून घ्या. ६५० मिग्रॅच्या सहा गोळ्यांतच ३.९ ग्रॅम होतात. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असतंच, तेही याच हिशेबात धरायचं.

चौथी पायरी: दिवस मांडा, झोपेसकट

तीन वेळा असलेल्या अँटिबायोटिकसाठी झोपमोड करायची गरज सहसा नसते. उठल्या उठल्या, दुपारी मध्यावर आणि झोपताना असे तीन डोस जागेपणीच्या वेळेत पसरून घ्या: सातला उठणाऱ्याने सात, तीन आणि अकरा. चार वेळा असेल तर सात, बारा, पाच, दहा. चिठ्ठीवर ‘दर सहा तासांनी’ किंवा ‘दर आठ तासांनी’ असं आवर्जून लिहिलं असेल तर मात्र ‘रात्री उठायचं का?’ हे स्पष्ट विचारून घ्या.

पहिल्याच दिवशी औषध दुपारी चारला मिळालं, आणि ते तीन वेळाचं अँटिबायोटिक आहे. पहिला डोस लगेच घ्या, सकाळची वाट बघू नका. दुसरा झोपताना, म्हणजे दहा-अकराला. दुसऱ्या दिवसापासून नेहमीच्या तीन वेळा. राहिलेला ‘सकाळचा’ डोस भरून काढायचा नाही. यात एक गंमत होते: पाच दिवसांच्या पंधरा गोळ्या पाचव्या दिवशी संपत नाहीत, एक गोळी सहाव्या सकाळसाठी उरते. ती पाकिटात तशीच राहते किंवा ‘दिवस भरले’ म्हणून फेकली जाते. अशा कोर्समध्ये दिवसांपेक्षा गोळ्या मोजणं सोपं.

दिवसातून दोनदाचं औषध दुपारी दोनला सुरू केलं तर दुसरा डोस थेट रात्री दहाला घेऊन दुसऱ्या दिवसापासून रुळावर यायचं, हे बहुतेक साध्या औषधांत चालतं. हृदयाची, अपस्माराची, मधुमेहाची औषधं आणि रक्त पातळ ठेवणारी औषधं यांत पहिल्या दिवशी काय करायचं ते औषध घेतानाच विचारा.

पाचवी पायरी: गोळ्यांची आपसांतली भांडणं सोडवा

खरी कसोटी एकापेक्षा जास्त औषधं असतात तेव्हा लागते. कॅल्शियम, लोह, जस्त आणि अँटासिड ही मंडळी पोटात इतर औषधांना चिकटतात आणि त्यांना रक्तात जाऊ देत नाहीत. लेव्होथायरॉक्सिन आणि यांच्यात चार तास हवेत. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. डॉक्सिसायक्लिन या दुसऱ्या अँटिबायोटिकला निदान दोन-तीन तास. अल्सरवरचं सुक्राल्फेट बहुतेक औषधांपासून दोन तास लांब. कोलेस्टेरॉलवरच्या कोलेस्टिरामिन पावडरच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर बाकीची औषधं.

एक नमुना सोडवून बघू. एका बाईंना रोजचं लेव्होथायरॉक्सिन आहे, पँटोप्राझोल आहे, लोह एकदा, कॅल्शियम एकदा, आणि आता आठवडाभरासाठी डॉक्सिसायक्लिन दोनदा आलंय. चिठ्ठ्या दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या, आणि दोन्हींवर ‘सकाळी’ हा शब्द ऐसपैस वापरलेला. सगळं सकाळीच घेतलं तर निम्मं वाया जाईल.

सुरुवात सर्वांत हट्टी औषधापासून करायची. इथे हट्टी आहे थायरॉइडची गोळी: तिला रिकामं पोट हवं आणि लोह-कॅल्शियमपासून चार तास. दुसरं डॉक्सिसायक्लिन: बारा तासांचं अंतर, लोह-कॅल्शियमपासून लांब. बाकीची त्यांच्या मागे बसवायची.

सकाळी ६: लेव्होथायरॉक्सिन, नुसत्या पाण्याबरोबर.
सकाळी ७: पँटोप्राझोल.
सकाळी ७.३०: न्याहारी, शक्यतो दुधाशिवाय.
सकाळी ८: डॉक्सिसायक्लिन, भरपूर पाण्याबरोबर.
सकाळी ११.३०: लोह.
दुपारी २: जेवण आणि कॅल्शियम.
रात्री ८: जेवणानंतर डॉक्सिसायक्लिन.

थायरॉइडची गोळी आणि लोह यांत साडेपाच तास पडले. सकाळचं डॉक्सिसायक्लिन आणि लोह यांत साडेतीन, कॅल्शियम आणि रात्रीचं डॉक्सिसायक्लिन यांत सहा. लोह आणि कॅल्शियमही एकमेकांना आडवे येतात, त्यांच्यात अडीच तास आहेत. रात्रीची डॉक्सिसायक्लिन आठलाच ठेवण्याचं कारण: ही कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. घेतल्यावर किमान अर्धा तास बसून किंवा उभं राहायचं, अंथरुणावर पडता पडता घोटभर पाण्याने गिळायची नाही.

कागदावर हे छान दिसतं. पण कामावर जाणाऱ्या बाईला दिवसात सहा वेळा गोळ्या आठवायच्या म्हणजे चौथ्या दिवशी काहीतरी सुटणारच. म्हणून डॉक्टरांना आधी हे विचारा: ‘हे अँटिबायोटिक संपेपर्यंत लोह आणि कॅल्शियम बंद ठेवलं तर चालेल का?’ बऱ्याचदा उत्तर ‘हो’ येतं. माझ्या मते वेळापत्रक सोपं करायचा हा सर्वांत कमी वापरला जाणारा मार्ग आहे. विचारायचा संकोच कशाला?

काही भांडणं मात्र वेळा बदलून मिटत नाहीत. पँटोप्राझोलमुळे पोटातलं आम्लच कमी होतं, त्यामुळे थायरॉइडची गोळी आणि लोह दोन्ही थोडी कमी शोषली जाऊ शकतात, मग मध्ये कितीही तास ठेवा. तिथे रक्ततपासणी करून मात्रा बदलणं हाच उपाय. ग्रेपफ्रूट या मोसंबीच्या कुळातल्या फळाचंही तसंच. ते आतड्यातल्या, औषध मोडणाऱ्या एन्झाइमला दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ निकामी करतं, त्यामुळे कोलेस्टेरॉलवरच्या सिमव्हास्टॅटिनसारख्या औषधावर असताना ‘फळ सकाळी, गोळी रात्री’ ही पळवाट चालत नाही.

डोळ्यांचे दोन वेगवेगळे थेंब असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं, मलम असेल तर सर्वांत शेवटी. लगोलग घातले की दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो.

सहावी पायरी: डोस चुकला तर

ढोबळ नियम असा: आठवण झाली तेव्हा दोन डोसांमधला निम्म्यापेक्षा कमी वेळ गेला असेल तर राहिलेला डोस लगेच घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्या आणि पुढचा वेळेवर घ्या. सकाळी आठ आणि रात्री आठचं औषध, आठवण झाली सकाळी अकराला: घ्या. आठवण झाली संध्याकाळी सहाला: सोडा. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका.

आता अपवाद, आणि ते महत्त्वाचे आहेत. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर सोडा, वहीत नोंद करा आणि पुढच्या तपासणीला सांगा. आठवड्याचं अलेंड्रोनेट राहिलं तर आठवण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या आणि मग पुन्हा नेहमीच्या वारावर या. एका दिवसात दोन नाहीत. मिश्र (दोन संप्रेरकं असलेल्या) गर्भनिरोधक गोळ्यांत एक गोळी राहिली तर आठवताक्षणी घ्यायची असते, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतात. म्हणजे ‘दोन एकदम नको’ हा नियम इथे उलटा आहे. फक्त प्रोजेस्टोजेन हे एकच संप्रेरक असलेल्या जुन्या पद्धतीच्या गर्भनिरोधक गोळ्यांना तीन तासांपेक्षा जास्त उशीर चालत नाही, त्याच प्रकारातल्या डेसोजेस्ट्रेलला बारा तासांपर्यंत सवलत असते. मेथोट्रेक्सेट, इन्सुलिन, अपस्माराची औषधं, रोपणानंतरची औषधं: यांत आपला अंदाज चालवू नका, फोन करा. क्लोनिडिनसारख्या रक्तदाबाच्या औषधात डोस सलग चुकले तर दाब उसळी मारून वर जातो, त्यामुळे ‘दोन दिवस राहिलं, आता काय फरक पडतो’ ही भाषा तिथे नको.

घेतली की नाही हेच आठवत नसेल? आधी पट्टीवरच्या रिकाम्या जागा मोजा. तरी कळलं नाही तर बहुतेक औषधांत तो डोस सोडणं जास्त सुरक्षित. साखर उतरवणारी आणि रक्त पातळ ठेवणारी औषधं असतील तर विचारल्याशिवाय दुसरी गोळी घेऊच नका. वारांचे कप्पे असलेली डबी हा त्रास बऱ्यापैकी संपवते. ती नसेल तर गोळी काढली की पट्टीच्या मागे तारीख लिहायची.

गोळी घेतल्यावर उलटी झाली: गोळी अख्खी उलटीत दिसली किंवा पंधरा मिनिटांच्या आतच उलटी झाली, तर साध्या औषधांचा डोस सहसा पुन्हा घेता येतो. तासाभरानंतर झाली तर सहसा नको. मधल्या वेळेचं आणि जहाल औषधांचं विचारून ठरवा. गर्भनिरोधक गोळीनंतर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्यायची असते.

चुकून दुप्पट गेली: बऱ्याच औषधांत एखाद्या जादा डोसने फार काही होत नाही, पण कुठल्या औषधात होतं हे घरी बसून ओळखता येत नाही. पाकीट हातात घेऊन डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला फोन करा आणि मात्रा व वेळ सांगा. पॅरासिटामॉल मर्यादेपेक्षा जास्त गेलं असेल तर ‘काही वाटत नाहीये’ म्हणून थांबू नका. पहिला दिवस माणूस ठणठणीत वाटतो आणि यकृताचं नुकसान मात्र सुरू झालेलं असतं. त्यावरचा उतारा आठ तासांच्या आत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो, म्हणून थेट इस्पितळ गाठा.

लहान मुलांचा ताप, दोन माणसं आणि एक बाटली

मुलांच्या बाबतीत अंतर चुकतं ते बहुधा निरोप चुकल्यामुळे. आईने साडेसातला औषध पाजलं, वडिलांनी साडेआठला. बाटलीच्या शेजारीच एक कागद ठेवा आणि त्यावर तीनच रकाने: काय दिलं, किती मिली, किती वाजता. देणाऱ्याने आधी कागद बघायचा, मग झाकण उघडायचं.

पॅरासिटामॉल मुलांना साधारण दर किलोला १५ मिग्रॅपर्यंत, चार ते सहा तासांनी, चोवीस तासांत जास्तीत जास्त चार वेळा. १२ किलोच्या मुलाला १८० मिग्रॅ झाले. आता बाटली बघा: ५ मिलीमध्ये १२० मिग्रॅ असेल तर ७.५ मिली, ५ मिलीमध्ये २५० मिग्रॅ असेल तर ३.६ मिली, आणि १ मिलीमध्ये १०० मिग्रॅचे थेंब असतील तर फक्त १.८ मिली. मूल तेच, मात्रा तीच, माप चौपट इकडे-तिकडे. म्हणून ‘दीड चमचा देतो आम्ही’ हे वाक्य नव्या बाटलीला लावू नका, आणि घरातला चमचा तर नकोच. बाटलीसोबतची सिरिंज किंवा मापाचं झाकण वापरा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तापाचं औषध द्यायचं नाही.

आयब्युप्रोफेनचं अंतर सहा ते आठ तास. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन आलटून-पालटून देण्याची पद्धत घरोघर दिसते. दोन्ही एका वेळी देऊ नका. एक दिलं आणि पुढच्या डोसची वेळ यायच्या आधीच मूल पुन्हा बेचैन झालं, तरच दुसऱ्याचा विचार करा. प्रत्येक औषधाचं अंतर त्याच्या स्वतःच्या आधीच्या डोसपासून मोजायचं असतं, आणि गोंधळ होतो तो नेमका इथे. मूल पाणी पीत नसेल, उलट्या-जुलाब असतील किंवा कांजिण्या असतील तर आयब्युप्रोफेन टाळा.

वेळ बदलायची असेल तर

रात्रपाळी असेल तर ‘सकाळ’ म्हणजे तुम्ही उठता ती वेळ, एवढं धरलं की जेवणाला बांधलेली औषधं सुटतात. पाळी दर आठवड्याला बदलत असेल आणि औषध रोज एकदाचं असेल, तर दोन्ही पाळ्यांत जागे असता असा एखादा तास शोधा. संध्याकाळचे सहा बहुतेकांना जमतात.

रोज एकदाच्या लांब पल्ल्याच्या औषधाची वेळ सकाळवरून रात्रीवर न्यायची असेल तर दिवसाला दोन-तीन तास पुढे सरकवत न्या. एकाच दिवशी सकाळी आणि रात्री असे दोन डोस घेऊन उडी मारू नका.

परदेशी जाताना प्रवास संपेपर्यंत घरचंच घड्याळ धरणं सोपं: फोनवर दुसरं घड्याळ लावून ठेवायचं आणि पोहोचल्यावर वेळ हळूहळू सरकवायची. अम्लोडिपिनसारखं औषध असेल तर पोहोचल्या दिवसापासून तिथल्या वेळेने घेतलं तरी चालतं. इन्सुलिन, अपस्माराची औषधं आणि गर्भनिरोधक गोळ्या असतील तर निघण्याच्या निदान आठवडाभर आधी डॉक्टरांकडून तासवार तक्ता लिहून घ्या. औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीच्या प्रतीसह, हातातल्या बॅगेत ठेवा. सामान चुकलं तरी पुढचा डोस जवळ असतो.